गेमिंग लॅपटॉप विकावा की ठेवावा?

वाचकाचे पत्र:

सप्रेम नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी मी वरच्या श्रेणीतला गेमिंग लॅपटॉप घेतला. दिवसा कार्यालयीन काम आणि रात्री गेम, दोन्ही एकाच यंत्रावर व्हावे असा हेतू होता. गेमबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जाच होतो तो दिवसाच्या साध्या कामात. चार्जर काढला की बॅटरी दोन तासही टिकत नाही. ऑनलाइन बैठकीत पंख्याचा आवाज समोरच्यांना ऐकू जातो. एकदा झाकण मिटून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप तासाभराने बाहेर काढला, तर तो हात लावता येऊ नये इतका तापलेला होता. सतत चार्जरला जोडून ठेवल्यास बॅटरी खराब होते असे सहकारी सांगतात, म्हणून मी ती रोज संपेपर्यंत वापरतो आणि मग पूर्ण भरतो. तोटा सोसून हा लॅपटॉप विकावा आणि पातळ, हलका घ्यावा असा घरच्यांचा आग्रह आहे. मी काय करावे?
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार. आपण हा लॅपटॉप निदान आणखी महिनाभर विकू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या तक्रारी चार दिसत असल्या तरी त्यांतील बहुतेक एकाच कारणातून आलेल्या आहेत: हे यंत्र रात्रीच्या सर्वांत जड तासासाठी सज्ज करून ठेवलेले आहे आणि दिवसभर त्याच सज्जतेत चालू राहते. कंपनीकडून येताना गेमिंग लॅपटॉप बहुधा अशाच मांडणीत येतो, कारण घेणारा पहिल्या दिवशी गेमच चालवून पाहणार हे निर्मात्याला ठाऊक असते. पत्र लिहिणे, तक्ते भरणे आणि बैठकींना हजर राहणे या कामांसाठी त्याची वेगळी मांडणी आपल्याला स्वतः करावी लागते, आणि ती एकदा नीट केली की आपल्या पत्रातील बराचसा त्रास कमी होतो.

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण पंखा आणि उष्णता यांचे मूळही बव्हंशी तिथेच सापडते. आपल्या लॅपटॉपमध्ये चित्र तयार करणाऱ्या बहुधा दोन चिप आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातच असते आणि फार थोड्या विजेवर चालते. दुसरी स्वतंत्र, गेमसाठीची आणि विजेच्या बाबतीत खादाड. मजकूर, ब्राउझर, व्हिडिओ पाहणे आणि ऑनलाइन बैठका या सगळ्यांना पहिली चिप पुरते. या कामांच्या वेळी दुसरी चिप पूर्ण झोपलेली असायला हवी. पण ती जागी राहिली, तर काहीही काम न करता वीज घेत राहते, जशी थांब्यावर इंजिन सुरू ठेवून उभी असलेली रिकामी बस. हिशेब सोपा आहे. गेमिंग लॅपटॉपची बॅटरी साधारण ९० वॅट-अवरची (बॅटरीत किती वीज मावते याचे हे माप) असते असे धरले आणि यंत्र सरासरी १५ वॅट घेत असेल, तर ती सहा तास पुरेल. तेच यंत्र ४५ वॅट घेऊ लागले, तर ती दोन तासांत संपेल. आपली बॅटरी दोन तासही टिकत नाही याचा अर्थ आपले यंत्र मजकूर लिहिण्यासाठी लागणाऱ्या विजेच्या कितीतरी पट वीज ओढत आहे. बॅटरीच मोठी का देत नाहीत, असा प्रश्न इथे अनेक जण विचारतात. विमानात विशेष परवानगीशिवाय नेता येणाऱ्या लिथियम बॅटरीची मर्यादा १०० वॅट-अवर असल्यामुळे निर्माते त्या आकड्याच्या आतच थांबतात, आणि म्हणून बचत खर्चाच्या बाजूनेच करावी लागते.

मोठी चिप जागी का राहते, याची तीन कारणे तपासावीत. पहिले कारण लॅपटॉपसोबत आलेल्या निर्मात्याच्या नियंत्रण-सॉफ्टवेअरमध्ये सापडते. तिथे ग्राफिक्ससाठी ‘हायब्रिड’ किंवा ‘ऑप्टिमस’ अशा नावाचा एक पर्याय असतो आणि फक्त स्वतंत्र चिप वापरण्याचा दुसरा पर्याय असतो. ऑप्टिमस ही ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २०१० मध्ये आणलेली व्यवस्था असून, गरज नसताना मोठी चिप बंद ठेवणे हेच तिचे काम आहे. गेममध्ये थोडा अधिक वेग मिळावा म्हणून अनेक जण दुसरा पर्याय निवडतात आणि तो तसाच राहतो. मग साधे टंकलेखनही मोठ्या चिपवर चालते. हा पर्याय बदलल्यावर बऱ्याच लॅपटॉपवर यंत्र पुन्हा सुरू करावे लागते. दुसरे कारण बाहेरचा मॉनिटर. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे तोंड थेट मोठ्या चिपला जोडलेले असते, त्यामुळे तिथे मॉनिटर लावला की ती चिप झोपूच शकत नाही. काही मॉडेलमध्ये टाइप-सीची एखादी खाच लहान चिपला जोडलेली असते. माहितीपुस्तिकेत तशी नोंद असेल, तर कामाचा मॉनिटर तिथे लावावा. चार्जर जोडून टेबलावर काम करताना मोठी चिप जागी राहिल्याने बॅटरीचे बिघडत नाही. मात्र उष्णता आणि पंखा यांवर फरक पडतो. तिसरे कारण म्हणजे मागे चालू राहणारे प्रोग्राम: गेमची दुकाने, हलती पार्श्वचित्रे, तापमान दाखवणारी छोटी साधने. टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम दाखवणारे विंडोजचे साधन) उघडून कोणता प्रोग्राम कोणती चिप वापरतो हे पाहता येते आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमधील ग्राफिक्सच्या यादीत ब्राउझर, बैठकीचा प्रोग्राम व कार्यालयीन प्रोग्राम यांना वीज वाचवणारी चिप नेमून देता येते. नको असलेले प्रोग्राम संगणक सुरू होताच आपोआप उघडू नयेत, हेही टास्क मॅनेजरमध्येच ठरवून टाकावे.

याच्या जोडीला स्क्रीनकडे लक्ष द्यावे. आपली स्क्रीन बहुधा सेकंदाला १६५ किंवा २४० वेळा चित्र बदलते. स्थिर मजकूर वाचताना त्याचा उपयोग नगण्य असतो आणि वीज मात्र जाते, म्हणून बॅटरीवर असताना ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, हा पर्याय निवडावा. काही लॅपटॉप चार्जर काढताच हा बदल आपोआप करतात. निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे का ते पाहावे. कीबोर्डचे रंगीत दिवेही बंद करावेत.

आता पंखा. आजचे प्रोसेसर एखादे वेबपान उघडण्यासारख्या क्षुल्लक कामासाठीही काही क्षण वेग एकदम वाढवतात. काम चटकन होते, पण त्या काही क्षणांत तापमान उसळते, पंखा त्या उसळीला प्रतिसाद देतो आणि आपल्याला विनाकारण घोंघावणे ऐकू येते. सतत चढ-उतार करणारा हा आवाज एकसुरी आवाजापेक्षा अधिक त्रासदायक असतो, आणि बैठकीत समोरच्यांचे लक्ष विचलित होते ते त्यामुळेच. निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसासाठी ‘सायलेंट’ किंवा ‘क्वाएट’ असा पर्याय निवडावा आणि विंडोजमध्येही वीज वाचवणारा पर्याय ठेवावा. एवढ्याने भागले नाही तर कंट्रोल पॅनेलमधील पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० टक्क्यांऐवजी ९९ टक्के करून पाहावी. आकड्यात फरक एकाचाच दिसतो, पण बऱ्याच प्रोसेसरमध्ये त्यामुळे वेगाची ती क्षणिक उडीच बंद होते आणि पंखा शांत राहतो. मजकूर आणि तक्ते यांच्या कामात हा कमी झालेला वेग आपल्याला क्वचितच जाणवेल. काही लॅपटॉपवर ही सेटिंग दिसत नाही. तिथे ‘सायलेंट’ पर्यायावरच समाधान मानावे. रात्री गेम सुरू करण्यापूर्वी मर्यादा पुन्हा १०० करायला मात्र विसरू नये.

बैठकींसाठी आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन: स्वतंत्र माइक असलेला हेडसेट वापरावा. लॅपटॉपचा माइक पंख्यापासून काही इंचांवर असतो, त्यामुळे आपल्याला सौम्य वाटणारा आवाजही त्याला मोठा ऐकू येतो. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय सतत गणित करायला लावते आणि उष्णता वाढवते. मागची भिंत साधी असेल तर ती बंद ठेवावी.

हवेचा मार्गही तपासावा. या लॅपटॉपमध्ये हवा बहुधा तळाकडून आत जाते आणि मागून व बाजूंनी बाहेर पडते. गादीवर किंवा उशीवर ठेवला की तळाची जाळी बंद होते. मांडीवर घेऊन तासन्‌तास काम करणे तर टाळावेच. दीर्घकाळ सौम्य उष्णता लागून त्वचेवर जाळीदार, तपकिरी डाग पडण्याचा विकार वैद्यकशास्त्राला परिचित आहे आणि लॅपटॉपमुळे तो झाल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत. टेबलावर मागची कड थोडी उचलून ठेवली तरी तापमान उतरते. आठ महिन्यांत जाळ्यांत धूळ साचली असणे शक्य आहे. यंत्र पूर्ण बंद करून, चार्जर काढून, दाबाच्या हवेने थोडे थोडे फुंकावे. पाती दिसत असतील तर ती फिरू न देता धरून ठेवावीत, कारण हवेच्या झोताने ती भलत्या वेगाने फिरली तर पंख्याला इजा होऊ शकते. तळ उघडून साफ करायचे असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचाव्यात. वरच्या श्रेणीतील काही लॅपटॉपमध्ये प्रोसेसरवर नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू लावलेला असतो. तो विजेचा वाहक असल्यामुळे सर्किटवर सांडला तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते, म्हणून उष्णता काढून नेणारे तांब्याचे भाग घरी सोडवण्याच्या फंदात पडू नये.

बॅगेत तापलेल्या लॅपटॉपची गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते, आणि त्यात आपली काही चूक नाही. अलीकडच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर यंत्र पूर्वीसारखे गाढ झोपत नाही. ‘मॉडर्न स्टँडबाय’ नावाच्या अवस्थेत ते डुलकी घेत राहते आणि मेल, अपडेट अशा कामांसाठी अधूनमधून जागे होऊ शकते. टेबलावर त्याने काही बिघडत नाही. बंद बॅगेत मात्र हवा खेळत नाही, उष्णता साचते आणि प्रोसेसर भक्कम असेल तर ती लवकर साचते. यावरचा खात्रीचा उपाय ‘हायबरनेट’ हा आहे. त्यात चालू कामाची स्थिती एसएसडीवर, म्हणजे फाइली साठवणाऱ्या ड्राइव्हवर, लिहून ठेवली जाते आणि यंत्र जवळपास पूर्ण बंद होते. पुन्हा सुरू केल्यावर उघडी कागदपत्रे जशीच्या तशी समोर येतात. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर विभागात झाकण मिटल्यावर काय व्हावे हे ठरवता येते. बॅटरीवर असताना तिथे ‘हायबरनेट’ निवडावे. मेनूमध्ये हा पर्याय दिसत नसेल तर त्याच विभागात तो सुरू करता येतो. सुरू व्हायला थोडे सेकंद अधिक लागतील, ते सोसावेत. आणि बॅगेत ठेवण्यापूर्वी पंखा थांबला आहे ना, हे एकदा कान देऊन ऐकावे.

बॅटरी रोज संपवून पूर्ण भरण्याची सवय आजच सोडावी. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात तसा सल्ला दिला जाई; लिथियम-आयन बॅटरीला त्याची गरज नसते. उलट प्रत्येक पूर्ण रिकामे-भरण्यामुळे तिच्या आयुष्यातील एक आवर्तन खर्ची पडते, आणि तळापर्यंत उतरवणे तिला मानवत नाही. आपले सहकारी अर्धे खरे सांगतात: तारेला जोडलेले असणे घातक नसते, पण १०० टक्के भरलेल्या आणि तापलेल्या अवस्थेत दिवसचे दिवस राहणे घातक असते. गेमिंग लॅपटॉपमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणूनच जवळपास प्रत्येक निर्माता चार्जिंग ८० टक्क्यांवर, काही जण ६० टक्क्यांवर, थांबवण्याची सोय देतात. ती सुरू करावी आणि मग लॅपटॉप टेबलावर असताना निर्धास्तपणे चार्जरला जोडून ठेवावा. मर्यादा गाठल्यावर यंत्र चार्जरच्याच विजेवर चालते. बाहेर मोठा दिवस असेल तेव्हा आदल्या रात्री मर्यादा उठवून पूर्ण भरावा. विंडोज बॅटरीचा अहवालही तयार करते, ज्यात मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारीशेजारी दिसतात. आठ महिन्यांच्या रोजच्या पूर्ण आवर्तनांनी किती झीज झाली ते त्यात कळेल. झीज फार दिसली आणि वॉरंटी शिल्लक असेल, तर सेवाकेंद्राला विचारावे. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला, तळ फुगला किंवा झाकण नीट मिटेनासे झाले, तर बॅटरी फुगली आहे असे समजून लॅपटॉप चार्ज करणे लगेच थांबवावे, ती दाबू किंवा टोचू नये आणि सेवाकेंद्राला कळवून तिथेच ती बदलून घ्यावी.

चार्जरबद्दल आपण लिहिलेले नाही, पण बाहेर जाताना त्याचाच भार अधिक जाणवत असेल. २४० किंवा ३३० वॅटचा चार्जर गेमसाठी लागतो. कागदपत्रांच्या कामाला त्याच्या पावपट वीजही लागत नाही. आपला लॅपटॉप टाइप-सीमधून चार्जिंग स्वीकारत असेल, आणि सगळे स्वीकारत नाहीत, तर १०० वॅटचा लहान चार्जर बाहेरच्या कामासाठी पुरतो. टाइप-सीच्या वीजपुरवठ्याची मर्यादा २०२१ मध्ये २४० वॅटपर्यंत वाढवली गेली, परंतु गेमिंग लॅपटॉप त्या मार्गाने किती वीज घेतात हे प्रत्येक मॉडेलनुसार ठरते. माहितीपुस्तिकेतला आकडा पाहूनच खरेदी करावी. लहान चार्जरवर गेम मात्र चालवू नये. विजेची तूट बॅटरीतून भरली जाते आणि तार जोडलेली असूनही टक्के उतरत जातात.

रात्रीच्या वेळेसाठीही दोन शब्द सांगतो. गेम नेहमी मूळ चार्जरवरच खेळावा. बॅटरी मोठ्या चिपला लागेल तेवढी वीज देऊ शकत नाही, त्यामुळे बॅटरीवर गेम मंदावतो आणि तो बिघाड नसतो. सेकंदाला किती चित्रे काढायची यावर ९० किंवा ६० अशी मर्यादा घातली, तर उष्णता आणि आवाज दोन्ही लक्षणीय घटतात; संथ गतीच्या गेममध्ये खेळाची गोडी त्याने कमी होत नाही. विंडोजचे मोठे अपडेट किंवा ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर (चिप चालवणारे सॉफ्टवेअर) आला की वर सांगितलेल्या सेटिंग्जपैकी काही मूळपदावर जाण्याची शक्यता असते, तेव्हा बॅटरी अचानक कमी टिकू लागली तर आधी त्या पाहाव्यात.

आता विकण्याचा प्रश्न. मला वाटते, आपल्या घरच्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे: कोणतीही सेटिंग लॅपटॉपचे वजन कमी करू शकत नाही. अडीच किलोचे यंत्र आणि जवळपास किलोभराचा चार्जर रोज खांद्यावर वागवणे हे खरे कष्ट आहेत. शिवाय डेस्कटॉपच्या चिपवरून घडवलेले काही भक्कम प्रोसेसर निवांत असतानाही जास्त वीज घेतात, आणि आपल्या लॅपटॉपमध्ये तसा प्रोसेसर असेल तर सगळे करूनही बॅटरी चार तासांच्या आसपासच थांबेल. पत्र लिहायला हे यंत्र साध्या लॅपटॉपपेक्षा वेगवान आहे, असेही मी म्हणणार नाही. तसा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण भारी शीतनयंत्रणेमुळे ते दीर्घकाळ जड काम न थकता करते. व्हिडिओ तयार करणे, शेकडो छायाचित्रे एकदम संस्कारित करणे अशा कामांत पातळ लॅपटॉप काही मिनिटांतच तापून मंदावतात. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये रॅम आणि एसएसडी बदलता किंवा वाढवता येतात, तर अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर कायमची जोडलेली असते. त्यामुळे आपले यंत्र पुढची अनेक वर्षे कामाचे राहू शकते.

म्हणून महिनाभर वर सांगितलेल्या मांडणीत काम करावे आणि चार्जरपासून दूर असताना बॅटरी किती तास पुरते याची टिपणे ठेवावीत. आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशीच बाहेर काम असेल आणि चार-पाच तास मिळू लागले असतील, तर हेच यंत्र ठेवावे. रोज दिवसभर विजेच्या खाचेपासून दूर काम करावे लागत असेल, तर हा विकण्यापेक्षा तो टेबलावर कायम ठेवून बाहेरच्या कामासाठी एखादा साधा, वापरलेला, हलका लॅपटॉप घेणे मला अधिक योग्य वाटते. विकून आलेल्या रकमेत हलकेपणा मिळेल, पण रात्रीचे गेम त्यावर आजच्यासारखे चालणार नाहीत, हे घरच्यांशी बोलताना स्पष्ट सांगावे. आणि तरीही विकायचेच ठरले, तर आपल्या सगळ्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी, खात्यांमधून बाहेर पडावे, विंडोज पूर्ववत करताना ड्राइव्ह पुसून टाकण्याचा पर्याय निवडावा आणि बॅटरीचा तो अहवाल घेणाऱ्याला प्रामाणिकपणे दाखवावा.